कांद्याची गोणी उचलणारा माणूस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवासमोर एकटी बसलेली असतानाही नाही. माझ्या मुलीला यातलं अर्धं ठाऊक आहे आणि तेवढंसुद्धा तिला पुरून उरलं. बाकीचं अर्धं आज पहिल्यांदा बाहेर पडतंय, तुमच्यासमोर. तुम्ही कोण, मला माहीत नाही. बरंच आहे ते. ओळखीच्या माणसानं लगेच माझी समजूत घालायला घेतली असती. आणि समजूत मला नको आहे.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. शाळेनं शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. माइकसमोर उभ्या असलेल्या एका तरुण शिक्षिकेनं सांगितलं, "आमच्या मॅडमनी इतक्या वर्षांत एकाही मुलावर कधी अन्याय केला नाही." टाळ्या झाल्या. मी काय केलं? मान खाली घातली, संकोचल्यासारखी. फोटोत ते फार छान आलंय. बघणाऱ्याला वाटावं, किती साधी बाई.

तेव्हापासून माझं डोकं तापलंय ते उतरत नाही. राग त्या पोरीचा नाही, तिला बिचारीला काय माहीत! राग त्या खाली घातलेल्या मानेचा. ती मान मी याआधीही एकदा अशीच खाली घातली होती. मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, ऑफिसात. बारा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघत होती तेव्हा.

पण थांबा. नीट सांगते. मधलं गाळलं की मी चांगली दिसायला लागते, आणि ती खोड मला जुनी आहे.

सातपूरच्या एका मराठी शाळेत मी चित्रकला शिकवायचे. मुलं बहुतेक कामगारांची. बाप कधी पहिल्या पाळीला, कधी तिसऱ्या. आई कुठेतरी पॅकिंगला. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांचा धडा मागे पडला की उचलून न्यायचा तास. पाहुणे आले की फळा रंगवा, गणपतीत मखर करा, तपासणी आली की भिंतीवर तक्ते लावा — हीच माझी कला. मी स्वतः चांगलं काढायचे. तरुणपणी असं म्हणत लोक, आणि मी ते वाक्य धरून बसले होते. एखाद्यानं जुनी पावती जपून ठेवावी तसं.

नऊ वर्षांपूर्वी शाळेत दोन खोकी आली. खेळणी करणाऱ्या एका कंपनीनं शहरातल्या काही शाळांना पाठवली होती. आत एक काचेची पाटी होती, तिच्या खालून दिवा लागायचा. पाटीच्या वरच्या कडेला दोन खुंट्या. त्या खुंट्यांत बरोबर बसतील अशी भोकं पाडलेल्या पातळ कागदांची गड्डी. आणि फोन अडकवायला प्लास्टिकचा एक हात. एक चित्र काढायचं, त्यावर दुसरा कागद ठेवायचा, खालच्या उजेडात पहिलं चित्र दिसतं, ते केसभर सरकवून पुन्हा काढायचं. मग तिसरा कागद. मग चौथा. शेवटी प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा, फोनमधलं बटण दाबायचं — आणि चित्र चालायला लागतं! पहिल्या दिवशी एका मुलाच्या मांजरानं शेपूट हलवली तेव्हा अख्खा वर्ग किंचाळला होता. खरं सांगते, मीसुद्धा.

मुलं त्याला 'उजेडाची पाटी' म्हणायची. पाट्या दोनच, त्यामुळे पाळ्या लावल्या होत्या. बाप जातात तशा.

त्याबरोबर स्पर्धा होती. प्रत्येक शाळेनं एका मुलाचं काम निवडायचं. त्या मुलाला पुण्यात आठवड्याचं शिबिर, आणि घरी नेण्यासाठी आख्खा नवा संच. निवड करायची चित्रकलेच्या शिक्षकानं. फॉर्मच्या खाली एक ओळ होती — हे काम विद्यार्थ्यानं स्वतः, माझ्यासमोर केलं आहे. आणि तिच्याखाली सहीची जागा. माझ्या सहीची.

आता पायल.

पायल त्याच वर्षी सातवीत आली. नामपूरहून. तिचे वडील तिकडे कांदा मार्केटात हमाली करायचे. मग इकडे एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेसच्या मशीनवर लागले, आणि बिऱ्हाड आलं. पोरगी बारीक, केसांना चोपून तेल. बोलायला लागली की 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायची. पोरं हसायची. मी त्यांना गप्प करायचे — हो, पण आधी मीही हसून घ्यायचे. हे कबूल करायला मला वेळ लागत नाही, बघा. लहान गोष्टी कबूल करायला माणसाला मजाच येते. मोठीला हात लागेपर्यंत.

तिनं उजेडाच्या पाटीवर काढायला घेतला एक माणूस. कांद्याची गोणी उचलणारा. सरळ रेषांचा, डोक्याला मुंडासं, बाकी काही नाही. मधल्या सुटीत डबा चार घासांत संपवायची आणि येऊन बसायची. मी तिथेच माझ्या टेबलाशी. महिनाभर रोज. एकेक कागद माझ्या डोळ्यांदेखत झाला. हे लक्षात ठेवा, मी पुढे काय म्हणाले ते ऐकताना.

एक दिवस मी वाकून बघितलं. तिचा माणूस गोणीला हात घालतो, आणि पुढच्या कागदावर तो वर जायच्या ऐवजी खाली गेलेला. मला वाटलं चुकलं. म्हटलं, "अगं, उचलतोय ना तो? मग खाली कसा चालला?"

ती उठली. कोपऱ्यातला बाक दोन्ही हातांनी धरला आणि मला उचलून दाखवला. गुडघे वाकले, पाठ दबली, मान आत गेली आणि मग बाक उठला. धापा टाकत म्हणाली, "मॅडम, वजन ऱ्हायनं का माणूस आधी खाले जास. मंग वर येस."

आधी खाली जातो. मग वर येतो.

इतकी वर्षं मी माणसं काढत आले. पाणी भरणारी बाई, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, परीक्षेला हमखास येणारी ती सगळी माणसं. माझ्या एकाही माणसाला कधी वजन लागलं नव्हतं. ही पोर कुठून शिकली? कुणीच शिकवलं नव्हतं. बापाला बघून शिकली. आणि त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू? शिक्षिकेला वाटावा तसा आनंद? झाला असेल, पापणी लवेपर्यंत. त्याच्या मागोमाग जे आलं ते आंबट होतं. ही कोण मला सांगणारी!

आता दुसरी मुलगी. माझी. गार्गी.

लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. त्याच शाळेत, त्याच वर्गात, पायलच्याच बाकावर. दोघींची गट्टी होती. डब्यातली भाजी वाटून खायच्या. गार्गीला चित्रात काडीचा रस नव्हता. तिनं पाटीवर उड्या मारणारा चेंडू केला, दोनदा बघितला, आणि खो-खो खेळायला पळाली. चांगलं पळायची ती. पण चित्रकलेच्या शिक्षिकेची मुलगी आणि तिला चित्र येत नाही, असं कसं चालेल? कुणी म्हणालं होतं का तसं? नाही. कुणीही नाही. मीच माझ्या मनाशी म्हणत होते.

मी एक पाटी घरी आणली. शाळेचं काम आहे म्हणून. आणि दोन-तीन रविवारी दुपारी बसून एक फुलपाखरू काढलं. कळी उमलते, त्यातून फुलपाखरू निघतं, उडत जातं, आणि शेवटी अक्षरं येतात — झाडे लावा. किती सुबक! किती मेलेलं! आणि एवढ्यावर भागलं नाही. मुलीनं काढल्यासारखं दिसावं म्हणून मी मुद्दाम दोन पाकळ्या वाकड्या केल्या. रंग जरा रेघेबाहेर काढला. चोरी करताना इतकं बारीक काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

गार्गी शेजारी चिवडा खात बसली होती. म्हणाली, "आई, हे मी काढलंय म्हणून सांगायचं?"

मी म्हटलं, "रंग तू दिलेस ना?"

तिनं दोन पानं हिरवी केली होती.

निवडीच्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांची कामं त्यांच्या कॉम्प्युटरवर लावायला सांगितली. दोन-तीन शिक्षक उभे होते. फुलपाखरू लागलं. छान, छान, म्हणाले सगळे. मग पायलचं लागलं.

माणूस येतो. गोणीपाशी थांबतो. वाकतो. दबतो — आणि उचलतो. पाठीवर गोणी घेऊन चालायला लागतो, पावलं जड. गोणीला एक भोक असतं. त्यातून एक कांदा पडतो. माणूस थांबतो. मागे वळून बघतो. खाली वाकता येत नाही, पाठीवर ओझं. जरा विचार करतो. मग पायाच्या अंगठ्यानं तो कांदा पुढे ढकलतो. एक पाऊल चालतो, कांदा ढकलतो. एक पाऊल, कांदा. असा बाहेर निघून जातो.

बस, एवढंच. गणिताचे सर, ज्यांनी माझे अर्धे तास खाल्ले, ते म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग आनंदानं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे सातवीतल्या पोरीनं केलंय?"

तो प्रश्न नव्हताच हो! कौतुक होतं. त्यांना फक्त 'हो' ऐकायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणाले, "मला नाही वाटत."

आलं. बाहेर आलं एकदाचं. नऊ वर्षं हे दातांच्या आत धरलं होतं.

लोक अशा जागी म्हणतात, गैरसमज झाला, घाईत निर्णय झाला. माझा कसलाही गैरसमज नव्हता. ते सगळे कागद होताना मी पाहिले होते. मला माहीत होतं. आणि मी पुढे बोलत गेले. "घरातल्या कुणा मोठ्या माणसाचा हात आहे यात. या वयाच्या मुलीला वजनाचं एवढं कळत नाही." बघा — तिनं मला शिकवलेलं तेच तिच्याविरुद्ध वापरलं. जे मी माझ्या घरी बसून केलं होतं, ते जसंच्या तसं उचलून तिच्या घरात नेऊन ठेवलं. चोराला दुसऱ्याची झडती घ्यायला केवढा जोर येतो!

मोठ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलीला बोलावून विचारू. पायल आली. दारात चपला काढून आत आली. ऑफिसात कुणी चपला काढत नाही, पण ती काढायची. त्यांनी विचारलं, बाळ, हे तूच काढलंस? कुणी मदत केली का?

ती म्हणाली, "मीच काढलं." मग म्हणाली, "मॅडमनी पाह्यलंय. मॅडमला इचारा." आणि माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही. अगदी निर्धास्त. साक्षीदार समोरच उभा आहे म्हटल्यावर माणूस कसा निवांत बघतो, तसं.

मी मान खाली घातली. म्हणाले, "मी नाही पाहिलं, बाळा."

त्या 'बाळा'ची मला शिसारी येते. खोटं बोलायचं होतं तर कोरडं बोलावं! वर साखर कशाला?

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, मी काहीतरी विसरलेय आणि आता मला आठवेल, याची ती वाट बघत होती. मग मोठ्या बाईंनी तिला जायला सांगितलं. गार्गीच्या फॉर्मवर मी त्याच दिवशी सही केली. स्वतः, माझ्यासमोर.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले. त्यांच्या सुटीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून. चित्रकलेच्या खोलीत मी एकटीच होते. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, तुम्ही म्हनल्या घरच्या मोठ्या मानसानं काढलं," ते म्हणाले. "घरात मोठं कोन? तिची माय अन् मी. तिच्या मायला सहीबी येत नाय. ऱ्हायलो मी."

आणि त्यांनी उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला.

दोन बोटं नव्हती. अंगठा कडक झालेला, वळत नव्हता. नामपूर सोडून आल्यावर तीन महिन्यांत प्रेसमध्ये गेला होता तो हात. मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं कारणच पडलं नव्हतं.

"हा हात पेन्सिल धरंल का? तुम्हीच सांगा."

आवाज चढलेला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर! टेबलावर मूठ आपटली असती तर! मला उलट ओरडता तरी आलं असतं. फक्त त्यांची शाळेसाठी घातलेली भाषा सुटली. हळू म्हणाले, "मनी पोर खोटं नही बोलस, मॅडम." मनी म्हणजे माझी.

या जागी तरी? तुम्ही असता तर? समोर हात आहे. खोलीत कुणी नाही. लाज वाटायची ती एका माणसासमोर. मी म्हणाले, "निकाल पाठवून झालाय, आता काही करता येत नाही." ते खोटं होतं. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. आणि वर म्हणाले, "तिला समजवा. पुढच्या वेळी स्वतःचं स्वतः कर म्हणावं."

ते उठले. म्हणाले, "कागद तरी परत द्या. रोज मागती."

"कंपनीकडे गेले सगळे," मी म्हटलं.

कागद माझ्या मागच्या कपाटात होते. त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर.

त्यांनी नमस्कार केला. त्या हातानं, दुसरा त्याला जुळवून. कितीतरी दिवस मला त्या नमस्काराचा राग होता — का केला? कुणी सांगितलं होतं? अशी नमतात ही माणसं म्हणून तर आमचं फावतं, असलं काहीतरी मी मनातल्या मनात त्यांनाच सुनवायचे. त्यांनाच! इतकी खाली गेले होते मी.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. शंभराच्या आसपास कागद. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिनं आकडा घातलेला. काहींच्या मागे बारीक अक्षरात तिचं तिनं लिहिलेलं — इथं गुडघा वाकल. इथं तोल जाईल. कांदा दिसला, पन वाकाचं नाही. कुणीही वाचलं असतं तरी कळलं असतं हे कुणी केलंय. म्हणून ते राहू देता येणार नव्हते. मी ते फाडले. चार-चार एकत्र धरून, उभे आडवे. मग ब्रश धुवायच्या बादलीत बुडवले, शिपायाला तुकडे जुळवता येऊ नयेत म्हणून, आणि तो लगदा कचऱ्यात टाकला. कॉम्प्युटरवरचंही पुसलं. मोठ्या बाईंनी नंतर एकदा विचारलं, ते गोणीवालं होतं ना आपल्याकडे? मी म्हटलं, जागा भरली होती, गेलं.

गार्गीला अर्धं ठाऊक आहे म्हटलं, ते फुलपाखराचं. ऑफिसात मी काय बोलले आणि कागदांचं काय केलं, हे तिला आजही माहीत नाही.

गार्गी पुण्याला गेली. तिसऱ्या दिवशी फोन. रडत होती. तिथं सगळ्यांसमोर तिला फुलपाखरू काढून दाखवायला सांगितलं होतं. "आई, मला घेऊन जा." मी आणायला गेले का? नाही. मी म्हटलं, "हात दुखतोय म्हणून सांग." पट्टीसुद्धा बांधायला लावली. बारा वर्षांच्या मुलीनं चार दिवस न दुखणारा हात पट्टीत घालून बाकीच्यांना चित्रं काढताना बघितलं. कुणाच्या शिकवण्यावरून? चित्रकला शिकवणाऱ्या आईच्या.

परत आल्यावर तिनं वर्गाच्या बाईंना सांगून बाक बदलून घेतला. पायलशेजारी पुन्हा कधी बसली नाही. नवा संच तसाच बंद खोक्यात माळ्यावर गेला. आणि पायल? ती माझ्या तासाला यायची. फळ्यावर मी माठ काढला की वहीत माठ. केळी काढली की केळी. तंतोतंत. एक रेघ कमी नाही, जास्त नाही. तीन वर्षं. मी तिला दर सत्रात 'अ' श्रेणी दिली. लाच.

चार वर्षांपूर्वी गार्गी कॉलेजसाठी बाहेरगावी निघाली. सामान काढताना माळ्यावरून ते खोकं खाली आलं. आणि मी — ऐका — मी म्हणाले, "किती छान काढायचीस तू लहानपणी."

खरंच म्हणाले. इतकी वर्षं ते खोटं सांभाळलं होतं, की माझं मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तिनं खोकं खाली ठेवलं. "आई, ते तू काढलंस. आणि पायलचं पायलनं काढलं. मी तिच्या शेजारी बसायचे. तुला दिसत होतं ते मलाही दिसत होतं." मग म्हणाली, "मी पण बोलले नाही. तू होतीस म्हणून."

मी म्हटलं, जाऊ दे ना आता, लहान होता तुम्ही. खेळण्याची तर स्पर्धा होती.

ती सामान भरायला लागली. अजूनही फोन करते, जेवलीस का विचारते. पण स्वतःचं काही दाखवत नाही. मार्क नाही, मित्र नाही, काही नाही.

'खेळण्याची तर स्पर्धा होती' — तुमच्याही मनात हे येत असेल, तर येऊ देऊ नका. त्या मुलीला एक गोष्ट येत होती, मनापासून येत होती. ती तिनं मला दाखवली, कारण दाखवायला तिच्याकडे मीच होते. त्याचं मी काय केलं, ते तुम्ही वर वाचलंत.

निरोप समारंभानंतर दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी मला रक्त तपासायला सांगितलं. सकाळी उपाशीपोटी घराजवळच्या लॅबमध्ये गेले. माझा नंबर आला. आत पांढरा कोट घातलेली मुलगी नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती. वर बघितलं — पायल.

तिनं मला ओळखलं. लगेच. चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

"मॅडम, बाही वर घ्या." आता 'शे' नाही, 'नही' नाही. अगदी शहरातली भाषा. दंडाला पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली. "मूठ आवळा." सुई कधी गेली कळलंसुद्धा नाही. इतका हलका हात! मी त्या हाताकडे बघत होते. आता सांगावं. आत्ता. दोघीच होतो.

मी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. कारखान्याच्या गेटवर असतात आता."

आणि मग मी काय विचारावं? नळी भरत होती, तिचं लक्ष नळीकडे, आणि मी विचारलं, "चित्रं काढतेस का गं अजून?"

हे विचारायची माझी जीभ कशी झाली? सांगते कशी झाली. ती 'हो' म्हणाली असती, तर मी सुटले असते. म्हणून विचारलं. तिच्याकडून तेवढंही काढून घ्यायचं होतं मला.

तिनं सुई काढली. कापूस ठेवला. माझाच अंगठा धरून त्यावर दाबला.

"नाही," ती म्हणाली. "पाच मिनिटं दाबून धरा. बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दार अर्धवट उघडं होतं, आत ती दिसत होती. एका म्हाताऱ्या बाबांची बाही वर करत होती, त्यांना काहीतरी सांगून हसवत होती. ते बाहेर आले. पुढचा नंबर जायच्या आधी मधे थोडा वेळ होता. उठून चार पावलं जायचं आणि बोलायचं — मी पाहिलं होतं, पायल. पहिल्या कागदापासून.

मी उठले, कापूस डब्यात टाकला आणि घरी आले.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही. ते मला कळतं.